लायन्सच्या मॉकमध्ये ट्रेड कुठे आहे?

डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा तुमचा मॉक ड्राफ्ट, म्हणजे एनएफएलमधल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत संघ कोणाला घेईल याचा अंदाज, वाचला. पहिल्या फेरीत रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) घेणं म्हणजे पिक (निवडीची पाळी) वाया घालवणं, हा त्यातला मुद्दा एरवी पटतो. पण डेट्रॉइटच्याच बाबतीत तो मांडावा, याची गंमत वाटते. २०२३ मध्ये जामिर गिब्स या रनिंग बॅकला १२ व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा हेच बोललं गेलं होतं. पुढे २०२४ च्या हंगामात पठ्ठ्याने २० टचडाउन केले.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लायन्सकडे तेव्हा मुळात ६ वा पिक होता, तोही क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डच्या ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) रॅम्स संघाकडून आलेला. ६ आणि ८१ क्रमांकाचे पिक ॲरिझोना संघाला देऊन त्यांनी १२, ३४ आणि १६८ घेतले. त्या ३४ व्या पिकवर आला सॅम लापोर्टा, आणि पहिल्याच वर्षी ८६ कॅच! रूकी (पहिल्याच हंगामातल्या) टाइट एंडसाठी (कॅच आणि ब्लॉकिंग दोन्ही करणाऱ्या खेळाडूसाठी) तो तेव्हाचा विक्रम होता. म्हणजे हिशोब करायचाच तर ‘६ वा पिक दिला, गिब्स आणि लापोर्टा मिळाले’ असा करायला हवा.

तुमच्या मॉकमध्ये सातही फेऱ्या आहेत, पण खाली सरकण्याचा, म्हणजे वरचा पिक देऊन खालचे जास्त पिक घेण्याचा, एकही ट्रेड नाही. २०२३ चा तो ट्रेड करणारा ब्रॅड होम्स लायन्सचा जनरल मॅनेजर असताना? एज रशर (क्वार्टरबॅकवर कडेने चाल करणारा बचावपटू) घ्या हो खुशाल, पण आधी फोन तर फिरवू द्या त्याला.