सरकारी वकील मॅडम रिटायर होऊन जनावरांच्या मागं लागल्या, तर तुमचं काय जायलंय?

मांजराकाठ: काल इथंच एकानं टाकलं की मॅडमनी सारी नोकरी कोर्टात चोर-दरोडेखोरांना शिक्षा लावण्यात घालवली आन आता कुत्री-गाढवं घेऊन बसल्यात, "एवढं शिक्षण वाया". खाली हसणाऱ्यांची रांग. लई डोकं फिरलं म्हणून लिहायलोय, लांबलं तर सोडून द्या.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून केलेला कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. म्हणजे बैलाला कातडं निघेस्तोवर मारा, कोर्टात गुन्हा कबूल म्हणा, ५० भरा आन बाहेर येऊन चहा प्या, तिघांच्या चहा-भज्याला जास्त लागतात. जनावर जायबंदी केलं तर न्याय संहितेचं कलम ३२५ हाय, ५ वर्षांपर्यंत शिक्षा, पण ते लावतंय कोण? ठाण्यात त्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ लिहून मोकळे होतात.

मॅडम तिथंच जाऊन बसतात. मी सोबत होतो एकदा. पंचनाम्यात नुसतं "एक जखमी बैल" लिहिलेलं. मॅडम म्हणल्या, जमादार, कोणता पाय? पुढचा का मागचा? शिंगं कशी हायत? कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर कुठंय? जमादार वैतागला. मॅडम म्हणल्या, दोन वर्षांनी आरोपीचा वकील विचारील हाच तो बैल कशावरून, तवा तुम्ही बदली होऊन गेलेले असाल. डॉक्टरचा दाखला त्याच दिवशी घेतला आन पंच बदलायला लावले, कारण आधीचे दोघं आरोपीच्या भावकीतले. हे भाकर-तुकडा टाकणाऱ्या दयाळू माणसाला जमतंय का? जिनं शेकड्यानं साक्षीदार फितूर होताना बघितले तिलाच जमतंय. शिक्षण वाया म्हणं!

बीडचा_बाब्या: सगळं बरोबर, पण एक सांगा. खुर्चीवर होत्या तवा ह्याच केसेस त्यांच्याच कोर्टात आल्या असतील ना? ५० रुपयांवर गुन्हा कबूल होताना ह्याच उभ्या होत्या ना? तवा जीव तुटला नाही आन पेन्शन चालू झाल्यावर तुटायला लागला?

वकिलीण_परभणी: दादा, सरकारी वकील केस निवडत नाही हो. पोलिसांनी जे कलम लावून चार्जशीट पाठवली ती चालवायची. फार तर कलम वाढवा म्हणून अर्ज द्यायचा, तोही बोर्डावर साठ-सत्तर केसेस असताना. आरोपी कबूल झाला की कायद्यात आहे तेवढाच दंड. ५० चे ५००० कुठून करणार?

बीडचा_बाब्या: म्हणजे अर्ज देता येत होता. एवढंच विचारलं होतं.

काळी_माती: तुमचं कोर्ट-कचेरी राहू द्या बाजूला. आमच्या चुलत्यानं हाळीच्या बाजारातून देवणी बैलांची जोडी आणली. बाजाराची पावती खिशात. टेम्पो रस्त्यात पोरांनी अडवला, कत्तलीला न्यायलेत म्हणून बोंब. जोडी ठाण्यात, तिथून गोशाळेत, केसचा मुद्देमाल म्हणून. आन गोशाळेचा रोजचा खर्च मालकाच्या बोकांडी! मिरगाची पेरणी ट्रॅक्टर भाड्यानं लावून केली. जोडी परत मिळाली तवा बरगड्या मोजून घ्या अशी. त्याच्यात क्रूरता कुणी केली सांगा, चुलत्यानं का कायद्यानं? आन २०१५ च्या गोवंश हत्याबंदीपासून म्हातारा बैल विकायचीच सोय नाही. खुंट्याला बांधून त्याला कडबा कोण घालणार, मॅडम?

गोदाकाठचा_पोऱ्या: १००% खरं. प्राणीप्रेम शहरातल्यांचं, बिल आमचं.

मांजराकाठ: काळी_माती, दोन कायदे एकाच दावणीला बांधू नका. २०१५ ची गोवंश हत्याबंदी राज्याची, त्याला मॅडमचा काय संबंध. गोशाळेचा खर्च मालकावर टाकणारे नियम केंद्राचे, २०१७ चे. २०२१ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंच केंद्राला सुनावलंय की हे नियम मूळ कायद्याच्या विरोधात जातात, कलम २९ प्रमाणं शिक्षा झाल्यावरच जनावर काढून घेता येतं, नियम बदला नाहीतर स्टे देऊ.

काळी_माती: केंद्राला सुनावलं व्हय? चुलत्याला ते कुणी सांगितलं नाही, त्यानं पैसे भरले. २०१९ ला चारा छावणीत जनावरासंगं महिनोन्महिने आम्ही झोपलाव, बायका-पोरं गावात. आम्हाला दया शिकवू नका. तुमच्या दारात किती जनावरं हायत ते आधी सांगा.

मांजराकाठ: एक म्हैस, दोन कुत्री. पुरे का?

ऊसतोडीचा_लेक: दयेचं निघालंच हाय तर माझंपण घ्या. कारखान्याच्या रस्त्यावर बैलगाडीत ऊस किती भरतात बघा, चढाला बैल गुडघ्यावर येतोय. १९६५ चे नियम हायत, पारा ३७ च्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ गाडीला जुंपायचं नाही, दिवसाला ९ तासांच्या वर नाही. आमच्याकडं फेब्रुवारी सरला की ३७ होतंय. पण माझा बाप १२ वाजता गाडी सोडून बसला तर मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेले पैसे, फेडून घेतोय अंगातनं. बैलाला निदान नियम तरी हाय, बापाला तेबी नाही.

वकिलीण_परभणी: हे मात्र खरं.

उदगीरकर_७२: आन कुत्र्यांचं काय? माझ्या पुतणीला शाळेच्या फाटकात चावलं, पोटरी फाडली. दवाखान्यात लस होती, खोल जखमेला लागतं ते रेबीजचं सीरम नव्हतं, रातोरात लातूरला पळवलं. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय शाळा, दवाखाने, बसस्टँडवरची कुत्री उचला आन परत तिथं सोडू नका. कुणी उचलली? मॅडमनी त्याच्यावर अर्ज टाकावा की एखादा.

मांजराकाठ: उचलल्यावर ठेवणार कुठं? नसबंदी नगरपालिकेनं करायची, तिचं टेंडर निघालं का हे विचारणारा अर्ज मॅडमनीच टाकलाय.

उदगीरकर_७२: म्हणजे अजून एक अर्ज. वा.

बीडचा_बाब्या: चला, एवढं मान्य करतो की बाई कामाची हाय. उशिरा का होईना. पण सत्काराचे फोटो जरा कमी टाका.

काळी_माती: कामाची असंल तर नंबर पाठवा मला. चुलत्याची केस अजून लटकलेलीच हाय, तारखेवर तारीख. का बैलाच्याच बाजूनं उभ्या राहतील?

मांजराकाठ: पाठवतो पर्सनलवर. बाजाराची पावती आन गोशाळेची बिलं घेऊन जा. आन चुलत्याला म्हणा आर (टोकदार खिळा) लावलेली काठी घरी ठेवून या, तीबी नियमात बसत नाही.

काळी_माती: बघा! लागले लगेच कायदा शिकवायला.