‘लामियन’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

कामानिमित्त लानचौला जाऊन आलो. चीनच्या गान्सू प्रांताची राजधानी, ह्वांग-हो नदीकाठचं शहर. तिथे सकाळचा नाश्ता म्हणजे गोमांसाच्या रश्श्यातल्या, हातानं ओढलेल्या नूडल्स, म्हणजेच ‘लामियन’. या पदार्थाची परंपरा हुई या चिनी मुसलमान समाजाची. गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, ती खिडकीतून आत द्यायची आणि तार केवढी हवी ते सांगायचं. ‘माओशी’ म्हणजे केसासारखी, ‘शी’ बारीक, ‘अर्शी’ तिच्याहून जाड, ‘ज्यौये’ लसणीच्या पातीसारखी चपटी, ‘ताक्वान’ पट्ट्याएवढी रुंद. आतला माणूस कणकेची वळी दोन हातांत धरतो, ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. दर घडीला तारा दुप्पट होतात. आठ वेळा दुमडलं की २५६. लगेच उकळत्या पाण्यात.

घरी आल्यावर आईला हे सांगताना अडलो. ‘ला’ म्हणजे ओढणे, हे ठीक. पण ‘मियन’? शेवया म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे खीर येते. नूडल्स म्हटलं की पाकीट. शब्द सुचवा. खातानाच्या त्या आवाजाला क्रियापदही हवं आहे.

प्रतिसाद

‘मियन’चा पहिला अर्थ गव्हाचं पीठ. त्याच्या जुन्या अक्षरात गव्हाचं चिन्हच आहे. पीठ, मळलेला गोळा आणि त्याच्या तारा, तिन्हींना ‘मियन’ चालतं. आपली ‘कणीक’ बघा: डब्यातली कोरडीही कणीक आणि परातीत मळलेलीही कणीक. फक्त आपला शब्द गोळ्यापाशी थांबला, त्यांचा ताटलीपर्यंत गेला. तांदळाच्या तारांना ते ‘मियन’ म्हणत नाहीत, ‘फन’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘चाऊमीन’मधलं ‘मीन’ हेच, ‘चाऊ’ म्हणजे परतलेलं. त्यामुळे ‘चाऊमीन नूडल्स’ हे लिंबाच्या झाडाला ‘लिंबवृक्षाचं झाड’ म्हणण्यासारखं आहे. जपानी ‘रामेन’ही याच लामियनवरून आलं.

प्रतिसाद

शेवया हा शब्द इतक्या लवकर सोडू नका. पाटावरच्या शेवया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना लामियन वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. माझी आजी पाटाचं एक टोक उंच ठेवून बसायची. तेल लावलेल्या तळव्याखाली गोळा पाटावर सारखा फिरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांतून तार उतरायची. मावशी ती अलगद उचलून काठीवर वाळत टाकायची. मी लहानपणी हात घालायला गेले की आजी म्हणायची, “ओढत राहा गं, तोडू नको.” म्हणजे कामाला नाव ‘वळणं’, पण हाताला सांगितलं जायचं ते ‘ओढणं’.

आणि आकारावरून नावं द्यायची पद्धत आपलीही आहे. वळवटातले गव्हले गव्हासारखे, नखुले नखासारखे, बोटवे बोटावर वळलेले. ही नावं घराघरांतून जात आहेत याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांच्या घरी अजून होतात त्यांनी ती लिहून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता

वळवट आठवून दिल्याबद्दल मनापासून आभार. एक फरक मात्र राहतो. आपल्या शेवया वाळवून डब्यात जातात, लामियन ओल्याच शिजतात. पण साम्यं तुमच्यामुळे आणखी दिसायला लागली. त्या कणकेत ‘फंगह्वे’ घालतात, वाळवंटी झुडपाच्या राखेचा खार. त्यानं कणीक ताणली जाते आणि तारांना पिवळसर झाक येते. आपला पापडखार त्याच कुळातला. मळून झाल्यावर कणीक झाकून ठेवतात, त्याला ‘शिंगमियन’ म्हणतात. ‘शिंग’ बऱ्याचदा ‘जागं होणे’ या अक्षरानं लिहितात. आपण कणीक मुरू देतो, ते जागी करतात!

चांगल्या वाडग्याची तिथली खूण अशी: एक निवळ, दोन पांढरं, तीन लाल, चार हिरवं, पाच पिवळं. म्हणजे रस्सा, मुळ्याच्या चकत्या, मिरचीचं तेल, कोथिंबीर-लसणीची पात आणि तारा. यातल्या लाल तेलाला मी बेधडक ‘तर्री’ म्हणतो. आणि हो, लानचौकर स्वतः ‘लामियन’ म्हणतच नाहीत. ते ‘न्यौरौमियन’ म्हणतात, म्हणजे गोमांसाचं मियन, नाहीतर नुसतं ‘न्यौता’.

प्रतिसाद

‘तर्री’ अचूक. क्रियापदाचं सांगते. ‘ओरपणे’ नको, त्यात हात आहे: आमटीभात ओरपतात. ‘भुरका’ ओठांनी घेतात, पण तो पातळाचा, कढीचा, गरम चहाचा. वाडग्यातला रस्सा जरूर भुरकावा. तारेला मात्र श्वासानं आत घ्यावं लागतं, तिचं टोक ओठांवर आपटून जातं. त्याला मी ‘सुर्रकन ओढणे’ म्हणेन. करणाराही ओढतो, खाणाराही ओढतो.

नामासाठी ‘ओढीव शेवया’ कसं वाटतं? कोरीव, घडीव, रेखीव, तसं ओढीव. ‘ताणलेल्या’ मला नको वाटतं, ताणलेलं रबरासारखं परत आखडेल असा भास होतो. ‘खेचलेल्या’त झटापट आहे.

मूळ प्रश्नकर्ता

‘ओढीव शेवया’ घेतला. आत्ताच आईला सांगितलं, “रश्श्यातल्या ओढीव शेवया, वर तर्री.” खिरीचं नावही निघालं नाही. तिनं एवढंच विचारलं, “कणीक किती वेळ मुरवतात रे?”