बेळगावात व्हायोलिनचे गुरुजी हवेत (मदत हवी आहे)

खानापूरचा_गज: नमस्कार. एकट्याला बसवून शिकवणारं कोणी आहे का? दोन वर्षं क्लासला गेलो. सर पेटी वाजवतात, आम्ही सातजण मागून गज ओढतो. परीक्षा जवळ आली, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जमत नाही. क्लासच्या जाहिराती नकोत, सगळ्या बघून झाल्यात. लवकर सांगा.

अनगोळकर: कुठली परीक्षा? हिंदुस्थानी, कर्नाटकी की वेस्टर्न? वय काय, राहतोस कुठं?

सूरसाधक: धारवाडला जा. मन्सूर, गंगूबाईंचा मुलूख आहे तो.

अनगोळकर: ते गायक हो. त्याला व्हायोलिन शिकायचंय.

सूरसाधक: मग? गजाननबुवा जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. गायकी अंग, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं, गाणं शिकल्याशिवाय येत नाही.

टिळकवाडीची_आई: आमच्याकडं अर्ध्या मापाचं व्हायोलिन पडून आहे, पेटीसकट. मुलगा आता तबल्याला जातो.

खानापूरचा_गज: काकू, मी इंजिनिअरिंगला आहे, अर्ध्या मापाचं काय करू? हिंदुस्थानीच की, हे काय सांगायला पाहिजे! गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका पूर्ण परीक्षा देतोय. रोज खानापूर ते बेळगाव बसनं. त्यात आणि धारवाड कुठं?

अनगोळकर: सांगायलाच पाहिजे! वेस्टर्नवाला तारा जी-डी-ए-ई लावून उभं राहून वाजवायला लावेल. बसतोस कसा?

खानापूरचा_गज: खुर्चीवर. हनुवटीखाली घट्ट धरतो.

अनगोळकर: घोडं तिथंच अडलंय. 'ग'वरून 'रे'वर घसरताना डावा हात मागं येतो आणि व्हायोलिनही संगं येतं ना? मांडी घालून खाली बस, खुंट्यांकडचं टोक उजव्या पावलावर टेकव. हात मोकळा झाला की बोट तार न सोडता सरकतं.

सूरसाधक: बैठक बदलून सूर येत नाहीत. आधी सहा महिने नुसता खर्ज.

अनगोळकर: बुवा, त्याची परीक्षा आहे.

चोर्ला_घाट: गोव्याला कला अकादमी आहे की.

अनगोळकर: आता गोवा! पोरा, गुरुजी कुणीही बघ, पहिल्या दिवशी त्यांनाच गज हातात घ्यायला सांग. पेटीवर सूर दाखवायला लागले की चप्पल घाल. शहापुरात एकजण शिकवतात, एका वेळी एकच विद्यार्थी. विचारून नंबर खासगी निरोपात पाठवतो.

खानापूरचा_गज: बसलो खाली. पाय दुखतो पण व्हायोलिन हललं नाही! काका, संध्याकाळी शिकवतात का तेवढं विचारा. शेवटची बस चुकली तर आई घरात घेणार नाही.

टिळकवाडीची_आई: पेटी तरी घेऊन जा रे कोणीतरी.