फिरायला जाण्याआधी स्पॅनिश शिकलात? अनुभव सांगा

सप्टेंबरात आम्ही दोघं स्पेनला चाललोय, माद्रिद, सेव्हिया आणि बार्सिलोना. पणजीत क्लासची वेळ जुळेना म्हणून ॲपवर शिकतेय, दीड महिना झाला तरी 'मुलगी सफरचंद खाते' याच्या पुढे गाडी सरकत नाही. खरंच काय उपयोगी पडलं तुम्हाला?

फोंडेकर: आकडे! 'क्वांतो कुएस्ता' म्हणजे केवढ्याला, ते सगळेच पाठ करतात, पण समोरचा धडाधड जे बोलतो ते कोणाला कळतंय? 60 म्हणजे सेसेंता, 70 म्हणजे सेतेंता, माझा दोनदा घोळ झाला, शेवटी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून पुढे केला.

मडगावचो: आमचे बाबा 1961 च्या आधी पोर्तुगीज शाळेत गेलेले, त्यांना वाटलं तीच भाषा थोडी वाकडी करून बोलायची. आणि बरंच चाललंही, आपण 'पगार' म्हणतो तोच शब्द तिकडे 'पागार', म्हणजे पैसे भरणे, त्यामुळे बिल भागवताना बाबाच पुढे. पण हॉटेलात ऑक्टोपस हवा म्हणून ऐटीत 'पोल्वो' मागितलं, पोर्तुगीजमध्ये बरोबर आहे हो, पण स्पॅनिशमध्ये पोल्वो म्हणजे धूळ! वेटर टेबल पुसायला फडकं घेऊन आला. पुल्पो म्हणायचं असतं. बाबा अजून म्हणतात त्याचीच भाषा कच्ची.

डिचोलीची सून: माझा सोमवार होता. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, एवढं घोकून गेलेले, तर सॅलडवर ट्यूना घालून आणला, कारण मासळी त्यांच्या लेखी कार्नेमध्ये धरत नाहीत, कधी कधी हॅमसुद्धा नाही. म्हणून 'सिन खामोन, सिन आतून' असं नाव घेऊन सांगा. खामोन म्हणजे हॅम, आतून म्हणजे ट्यूना, मराठी माणूस हा शब्द जन्मात विसरणार नाही. सोमवार मोडला तो मोडलाच.

वास्को: बार्सिलोनात पाट्या कातालानमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेत, बाहेर जायला 'सालिदा' शोधत बसलो आणि मेट्रोत लिहिलेलं 'सोर्तिदा'. आणि रात्री साडेसातला जेवायला जाऊ नका, किचन बंद असतं, नऊनंतर जा. दुपारी बरीच दुकानं बंद, त्याचं आपल्याला काय नवल.

मूळ धागाकर्ती: देव बरें करूं सगळ्यांचं! सेसेंता-सेतेंता नवऱ्याकडे दिलंय, खामोन-आतून माझ्याकडे. आत्ताच कॅलेंडर बघितलं, सेव्हियाला पोचतोय तो नेमका सोमवार.