मुलांच्या पोटात काय जातंय? कमी खर्चातलं सकस खाणं : आपापल्या घरचे अनुभव लिहा

मेधा_लालबाग

काल पिठाच्या गिरणीत नाचणी घेऊन गेले. दादा म्हणाले, "ताई, थोडं बसा. आधी गहू उरकतो. नाचणीवर गहू दळला की लोकांच्या पोळ्या काळ्या होतात, मग बोलणी मला." बसले. शेजारच्या जात्यावर कुणाची तरी भाजणी चालली होती. त्या वासाने एकदम १९८२ साल डोळ्यांपुढे आलं.

बाबा कापड गिरणीत होते. जानेवारीत संप सुरू झाला आणि पगार थांबला. आम्ही चार भावंडं, धाकटा अजून रांगता. आईने त्या काळात आम्हाला काय खायला घातलं ते आज मोजून बघते तर थक्क होते. चवळी नाहीतर मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, कांद्यात परतलेला जवळा. संध्याकाळी बाजार उठताना मेथीच्या जुड्या स्वस्त मिळायच्या, त्या आणायची. पाल्याची भाजी, देठं आमटीत. मधल्या वेळेला शेंगदाण्याचं कूट आणि गूळ. धाकट्याला मऊ भात, त्यात वरण आणि तेलाचे चार थेंब, कारण तूप नव्हतं. आणि आई-बाबांच्या ताटात जे, तेच आमच्या ताटात. "मला हे आवडत नाही" म्हणायची सोयच नव्हती, पण कुणी दटावल्याचंही आठवत नाही. सगळे खातात म्हणून आम्ही खायचो.

आता नात साडेतीन वर्षांची आहे. लेक-जावई दोघं नोकरीला. घरी आल्यावर दमलेली असतात, आणि पोरगी कुरकुरीत खाऊच्या पाकिटासाठी रडते. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत, मदत करायची आहे. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. महागडे पदार्थ नकोत, रोज परवडेल असं सांगा.

उकडपेंडी

आयडीवरून कळलंच असेल 😄 अमरावतीची उकडपेंडी. कणीक जाडसर दळलेली असली तर उत्तम, नाहीतर घरातली घ्या. तेलात कांदा-मिरची, कणीक खमंग भाजायची, वरून ताकाचं पाणी, झाकण ठेवून वाफ. दहा मिनिटांत डिश तयार. मुलांसाठी मिरची नको, कढीपत्ता चुरून. वर जवसाची चटणी आणि दही. आमची दोघं शाळेत जायच्या आधी हेच खातात.

सायली_डोंबिवली

मेधाताई, संपाचं वाचून गलबलून आलं. माझे आजोबा पण गिरणीत होते.

मी सकाळी ६:४० ची लोकल पकडते, म्हणून सगळं रविवारवर. मटकी, मूग, चवळी भिजवून मोड आणून डब्यांत फ्रीजमध्ये. भाजणी महिन्याची. रोज सकाळी एकच प्रश्न असतो, थालीपीठ की धिरडं. लेक पालक खात नव्हता. पालक वाटून धिरड्यात घातला तर खाल्ला, पण मग मी लपवणं बंद केलं. आता त्याच्यासमोरच पानं धुते, तो फाडून देतो. लपवून किती वर्षं चालवणार? त्याला पालक म्हणून पालक खाता यायला हवा.

अंगणवाडी_ताई

वाचते रोज, लिहीत नाही. आज लिहिते.

मी खेड्यात काम करते. महिन्याला वजन घेतो, कुपोषण ओळखायला दंडाला मापाची पट्टी लावतो. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवी, साडेअकरा ते साडेबारा पिवळी, साडेअकराच्या खाली लाल. ही पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांची. पिवळ्यात सापडलेली सगळी लेकरं गरिबाघरचीच असतात असं समजू नका. दुकान असलेल्या घरातलं पण सापडतं. सकाळी चहा-टोस्ट, अकराला कुरकुरीत पाकीट, दुपारी भूकच नाही. आई म्हणते जेवतच नाही हो. पोट भरलंय ना बाई त्याचं, पण रिकाम्या खाण्यानं.

चहाचं फार सांगावं लागतं. जेवणाबरोबर चहा दिला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं पण सांगणं आहे, पाच वर्षांखाली चहा-कॉफी नको. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत जवळजवळ ६९ मुलांचं रक्त कमी निघालं. उगाच नाही सांगत. लोह अंगी लागावं म्हणून डाळ-भाजीवर लिंबू पिळा. आवळा, पेरू, चिंचेचा कोळ काहीही चालेल. लिंबू महाग असलं तर कैरी.

कोकण्या७४

जवळा!! मेधाताई जीव घेतलात सकाळी सकाळी.

सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा, यावर आमची अख्खी पिढी वाढली. कुळथाची पिठी तर आठवड्यातून तीनदा. पोरं मुंबईत वाढली तरी पिठी-भात मागतात. आता बांगड्याचे भाव बघितले की खिसा चाचपतो, पण सुकट अजून परवडते. मे महिन्यात वर्षाची भरून ठेवा, कडक ऊन दाखवून. लहानांना देताना नीट निवडा आणि खारं आधी पाण्यातून काढा.

सायली_डोंबिवली

@कोकण्या७४ सुकट डब्यात नेली तर अख्खा डबा माझ्याकडे बघेल. ट्रेनचा डबा म्हणतेय 😂

कोकण्या७४

वास घेऊन अर्धे मागतील, लिहून ठेवा.

गुरुजी_झेडपी

शाळेतलं सांगतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ-कडधान्य, पन्नास ग्रॅम भाजी, असं माप आहे. या मापात उत्तम खिचडी होते, मन लावून केली तर. आमच्या स्वयंपाकीण मावशी मटकी आदल्या दिवशी भिजवतात, मोड येऊ देतात आणि फोडणीत लसूण सढळ हाताने. त्यांच्या हाताखाली पातेलं घासून रिकामं होतं.

पण खरा फरक परसबागेने पडला. शाळेच्या मागे मोरी होती, तिचं पाणी वळवून मुळा, मेथी, दोडका लावला, कुंपणाला शेवगा. दुसरीतला एक मुलगा दोडका ताटाबाहेर ठेवायचा. वेलाला पाणी घालायचं काम त्याच्याकडे दिलं. पहिला दोडका निघाला तो त्याने मावशींकडे स्वतः नेला आणि जेवताना शेजारच्याला सांगत होता, "हा माझावाला आहे." खाल्ला. आई शाळेत येऊन विचारून गेली, भाजी कशी करता म्हणून. भाजी तीच हो, पण पोराने ती वाढवली होती आणि पंगतीत सगळे खात होते.

राधिका_म्युनिक

गुरुजी, अगदी खरं. इथे लेकीच्या बालवाडीत डब्यात गोड नको अशी सूचना आहे. पोरं गाजर, काकडी आणि चक्क नवलकोल कच्चा खातात, सोलून लांब फोडी करून. मी आयुष्यात नवलकोलाची भाजी मिटक्या मारत खाल्ली नव्हती, ही रोज मागते. इतर पोरं खातात म्हणून. इथे मसूर आणि ओट्स स्वस्त, त्यामुळे आमच्या भाजणीत ओट्स शिरलेत. नाचणी मात्र भारतीय दुकानात महाग पडते, आई येते तेव्हा घेऊन येते.

नाना_सोलापूर

नातवंडं सुट्टीत येतात. पहिले दोन दिवस कडक भाकरीकडे बघत नाहीत. मी काही बोलत नाही. भाकरी चुरतो, त्यात दूध नाहीतर आमटी, शेंगांची चटणी बाजूला. मी खातो. तिसऱ्या दिवशी धाकटी मांडीवर येऊन बसते. घरात दुसरं काही आणून ठेवलेलं नसतं, हे पण खरं.

चिऊची_आई

माझी सव्वा वर्षाची आहे. काहीच खात नाही. दोन घास घेते आणि तोंड फिरवते. मोबाईल लावला की खाते. सासूबाई म्हणतात मध चाटव, गोड लागलं की खाईल. खूप रडू येतं कधीकधी. आणि यांची नोकरी गेल्या महिन्यापासून नाही, त्यामुळे डब्यातली पावडर बंद केली, त्याचं पण मनाला लागतं.

डॉ_बालमित्र

चिऊची आई, आधी एक श्वास घ्या. या वयात वाढीचा वेग पहिल्या वर्षापेक्षा मंदावतो, भूक कमी होते. वजन-उंची तक्त्यावर नीट चालली आहे का, एवढं एकदा तपासून घ्या. पावडर बंद झाली त्याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. घरचं मऊ वरण-भात-भाजी, अंडं चालत असेल तर अंडं, दही, केळं, एवढं पुष्कळ आहे.

काय आणि कधी द्यायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते मुलाने. तोंड फिरवलं की थांबा, मागे धावू नका. नवीन चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय मुलं बऱ्याचदा स्वीकारत नाहीत, आणि आपण दुसऱ्या वेळीच "हिला आवडत नाही" म्हणून मोकळे होतो. मोबाईल हळूहळू काढा. तिला तुमच्या ताटाशेजारी बसवा, हाताने चिवडू द्या, जमीन पुसता येते. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात नको, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. चिऊ त्यापुढे गेली आहे, पण गोडाचं आमिष आत्ताही नको. आणि वर कूट लिहिलंय ते बरोबर, अख्खे शेंगदाणे-फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.

मेधा_लालबाग

चिऊची आई, बाळा, आमचे पण असे दिवस गेलेत. निघतात. मऊ भातावर लसणाची फोडणी देऊन बघ, नुसत्या वासाने पोरं जवळ येतात. कधीही लिही इथे.

गोंयकार_सई

आमच्याकडे तिजाण. नाचणीचं पीठ, गूळ, नारळाचा रस, चिमूटभर मीठ, आटवायचं. खूप लहानांना गूळ न घालता. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, दुधात शंभर मिलिलिटरला सव्वाशेच्या आसपास. दूध आवडत नाही म्हणून काळजी करणाऱ्यांनी हे बघा. माझा मुलगा दुधाला हात लावत नाही.

खान्देशी_ठेचा

कुणी कळण्याची भाकरी लिहिली नाही अजून?? ज्वारी आणि सालाचे उडीद एकत्र दळायचे, मीठ दळतानाच. डाळ-धान्य एकाच भाकरीत आलं. गरम भाकरीवर तेल, पोरांना भरीत, आम्हाला ठेचा. कसलं पाकीट आणि कसलं काय.

अकोले_भूमी

आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, गावरान बियाणं जपलं म्हणून. त्या भागातली बाई दाराशी वाल, घेवडा, भोपळा लावते. बियाणं घरचं, पाणी भांडी धुतल्याचं, भाजी फुकट. शहरात गॅलरीत एवढं नाही होणार, पण मेथीदाणे कुंडीत टाकले तर पंधरा-वीस दिवसांत भाजी निघते. पोरांना उपटू द्या.

बाबा_एकटा

मी एकटा सांभाळतो मुलीला, ती पाच वर्षांची. स्वयंपाक यूट्यूबवर शिकलो. तिच्या पाकिटांचा हिशेब केला, रोज पाच रुपयांची दोन आणि दहाचं एक. महिन्याचे सहाशे. तेवढ्यात रोज एक केळं, आठवड्याला सहा अंडी आणि महिन्याचे शेंगदाणे-गूळ आमच्याकडे बसतात. आता शनिवारी तिला पंचवीस रुपये देतो, भाजीबाजारात ती स्वतः फळ निवडते. मागच्या वेळी कवठ घेतलं, आम्हा दोघांनाही फोडता येईना, भाजीवाल्या मावशींनीच फोडून दिलं. गुळाबरोबर कालवून खाल्लं. पाकीट आठवड्यातून एकदा, वाढदिवस वगैरे वेगळे. पूर्ण बंद केलं तर शेजारी जाऊन खाते.

उकडपेंडी

@बाबा_एकटा सलाम तुम्हाला. अंडी उकडून मीठ-मिरपूड लावा, डब्यात पण टिकतात.

नवीन_सून

पावसात मटकीला मोडच येत नाहीत, चिकट होते आणि वास येतो. सायली काय करतेस तू?

सायली_डोंबिवली

भिजल्यावर दोनदा स्वच्छ धुवायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचं, मग सुती फडक्यात सैल बांधायची. घट्ट नको. आणि फडकं बंद डब्यात नको, चाळणीत ठेव, खाली ताटली. वाफ कोंडली की चिकट होते. अजून जमलं नाही तर मुगाने सुरुवात कर, ते लवकर येतात.

नवीन_सून

थँक्यू!! आणि भाजणीचं प्रमाण कुणीतरी द्या ना, सासूबाई अंदाजाने सांगतात.

मेधा_लालबाग

घे. ज्वारी दोन वाट्या, बाजरी दोन वाट्या, तांदूळ एक, हरभरा डाळ एक, उडीद अर्धी, गहू अर्धी, धणे पाव वाटी, जिरं दोन चमचे. सगळं वेगवेगळं भाज, मंद आचेवर, उडीद लवकर लागतात तिकडे लक्ष ठेव. पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला नेऊ नकोस. गिरणीत "भाजणी, जाडसर" म्हणून सांग, नाहीतर मैद्यासारखं करून देतील. बाजरी आहे त्यामुळे महिन्याभरातच संपव, नंतर कडवट होते.

खान्देशी_ठेचा

यात मूठभर मेथीदाणे पण घाला.

मेधा_लालबाग

मूठभर नको रे, नात एक घास खाणार नाही. एक चमचा ठीक.