मदत हवी आहे: मोठी पीडीएफ जोडली की फॉर्म म्हणतो ‘नाव भरा’

नमस्कार मंडळी, गिरगावात आमच्या बाबांचा छापखाना आहे, गणपती तोंडावर आलेत त्यामुळे स्मरणिका, पावतीपुस्तकं, बॅनर सगळं एकदमच आलंय. लोक फाईल द्यायला पेनड्राइव्ह घेऊन पार विरार-डोंबिवलीहून येतात, अर्धा दिवस मोडतो त्यांचा, मला ते बघवत नाही म्हणून मी पीएचपीत (वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारी भाषा) साधा फॉर्म केला, नाव, फोन, मंडळ आणि फाईल, बस.

छोट्या फाईली जातात. पण काल एका मंडळाच्या काकांनी १८० एमबीची स्मरणिका घरून तीनदा टाकली, दहा-पंधरा मिनिटं नुसतं गोल फिरतं आणि मग लाल अक्षरात येतं ‘कृपया आपले नाव भरा’. नाव तर भरलेलं असतं! मी स्वतः करून बघितलं, फाईल न जोडता तेच नाव बरोबर जातं.

शेअर्ड होस्टिंग आहे (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट). एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (सर्व्हरच्या सेटिंगची फाईल) लिमिट वाढवलं तर अख्खी साइट ५०० एरर द्यायला लागली, ते काढलं. मग डॉट-युजर-डॉट-आयएनआय या पीएचपीच्या सेटिंग फाईलमध्ये अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ २५६ एमबी केलं, पीएचपी-इन्फोमध्ये (चालू सेटिंग दाखवणारं पान) २५६ दिसतंय, तरी तेच. फॉर्मला मल्टिपार्ट एनकोडिंग (फाईल पाठवायला लागतं ते) दिलेलं आहे. शुक्रवारी छपाईला घ्यायचंय, प्लीज कोणीतरी सांगा काय राहिलंय.

प्रतिसाद १
ताई, पोस्ट_मॅक्स_साइझ बघा, ते तुम्ही हात न लावता ८ एमबीवरच असणार, डिफॉल्ट तेवढंच असतं. एका फाईलचं लिमिट वेगळं आणि अख्ख्या फॉर्मचं वेगळं, आणि फॉर्मचं कायम मोठं हवं, २६४ ठेवा. ते ओलांडलं की पीएचपी पोस्ट (भरलेली माहिती) आणि फाइल्स (जोडलेल्या फाईली) दोन्ही अ‍ॅरे, म्हणजे याद्या, रिकामे देतं, म्हणून तुमच्या कोडला नावच सापडत नाही. लॉगमध्ये ‘पोस्ट कंटेंट-लेंग्थ’ची (पाठवलेल्या सगळ्याचा आकार) वॉर्निंग पडली असेल, बघा. आणि नावाच्या आधी हे तपासा: पोस्ट रिकामं पण कंटेंट-लेंग्थ आहे म्हणजे फाईल मोठी झाली, तसा मेसेज द्या, त्या काकांना उगाच वाटलं असेल आपलंच काहीतरी चुकतंय. बदल केल्यावर ५ मिनिटं थांबा, ती आयएनआय फाईल ३०० सेकंद कॅश होते, म्हणजे तोवर जुनीच वापरली जाते. ५०० एरर आला म्हणजे तुमचं पीएचपी सीजीआय किंवा एफपीएमवर (पीएचपी सर्व्हरपासून वेगळं चालवायच्या पद्धती) चालतंय, तिथे एचटीअ‍ॅक्सेसमधली पीएचपी_व्हॅल्यू ही सेटिंगची ओळ चालत नाही. मेमरी लिमिट वाढवत बसू नका, फाईल आधी टेम्प फोल्डरमध्ये डिस्कवरच उतरते.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण ते घरच्या वायफायपुरतं. कोणी लोकलमधून मोबाइलवर पाठवत असेल आणि मध्येच रेंज गेली की १७० एमबीवरून पुन्हा शून्य. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या स्लाइसने ५-५ एमबीचे तुकडे करा, प्रत्येकाला नंबर द्या, सर्व्हरवर क्रमाने जोडा, तुटलं तर तोच तुकडा परत. प्रोग्रेस बार एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्टने (जावास्क्रिप्टची फाईल पाठवायची सोय) दाखवा, पंधरा मिनिटं नुसतं गोल बघत बसायला लावू नका हो कोणाला. आणि फाईल पब्लिक फोल्डरच्या बाहेर, नाव बदलून ठेवा, कोणी पीडीएफच्या जागी पीएचपी फाईल चढवली तर साइटच जाईल.

धागाकर्ती
दादा, झालं!! पोस्ट_मॅक्स_साइझ ८ एमबीच होतं. २६४ केलं, चहा होईपर्यंत थांबले, आणि काकांची फाईल पहिल्या फटक्यात आली, बाबा पानं तपासायला बसलेत. मेसेजही बदलला, आता ‘फाईल २५६ एमबीपेक्षा मोठी आहे, छापखान्यात फोन करा’ असा येतो. तुकड्यांचं आज रात्री लिहायला घेते. त्यात एक विचारायचंय, कोणी अर्ध्यात सोडून दिलं तर उरलेले तुकडे डिस्कवर पडून राहतील ना, ते क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून २४ तासांनी उडवले तर चालतील का, की कोणी दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करेल म्हणून जास्त ठेवायचे?