रोजच्या धावपळीत देवाच्या सामर्थ्यावर अवलंबून राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

शिरोलीचा_फाउंड्रीवाला

सर्वांना प्रभूत सलाम. बरेच दिवस विचारायचं होतं. मी कोल्हापुरातलाच, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, शिफ्ट ड्युटी. घरी बाबांना पॅरालिसिस झालाय, उजवी बाजू पूर्ण गेलीय, सगळं अंथरुणातच. मी आणि मिसेस आलटून पालटून करतोय, तिची पण नोकरी आहे, पोरगं दहावीला. नाईट करून सकाळी घरी आलो की बाबांचं डायपर, अंग पुसणं, भरवणं, मग जेमतेम डोळा लागतोय तोवर फिजिओवाले येतात, परत उठायचं.

प्रार्थनासभेत सगळे एकच सांगतात, स्वतःच्या बळावर करू नको, प्रभूच्या सामर्थ्यावर कर. मला ते मान्यच आहे हो, पण करायचं कसं ते कुणी सांगत नाही. मी प्रार्थना करतो, उठतो आणि तेवढाच दमलेला असतो, अंगात बळ आलंय असं काही जाणवत नाही, मग वाटतं आपलाच विश्वास कमी पडतोय का. त्यात दिवसा बाबांचं करायला पगारी मावशी नाहीतर ब्रदर (पेशंट सांभाळणारा माणूस) ठेवावा असा विषय काढला तर सभेतल्या एका वडीलधाऱ्यांनी सरळ सांगितलं की देवावर भिस्त आहे तर माणूस कशाला लागतोय. तेव्हापासनं ते डोक्यातनं जाईना. बायबलमधलं फिलिप्पैकरांस ४:१३ हे वचन हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय, येता जाता दिसतं. कुणी अशा परिस्थितीतनं गेलं असेल तर प्लीज सांगा.

मिरजेची_सिस्टर

दादा सलाम. मी नर्स आहे, असे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं रोज बघते, म्हणून आधी वचनाचं बोलते आणि मग कामाचं.

तुमच्या फ्रेममध्ये ४:१३ आहे ना, त्याच्या खालचं १४ वं वचन काढून वाचा. मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सगळं करू शकतो असं म्हटल्यावर हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल लगेच फिलिप्पै गावच्या मंडळीला म्हणतो की तरी तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. तो कैदेत होता, त्यांनी आपल्यातल्याच एपफ्रदीताच्या हातून मदत पाठवली होती, आणि तो सगळा भाग त्या मदतीचे आभार मानणाराच आहे. म्हणजे ज्या माणसानं ते वचन लिहिलं त्यानं लिहिताना दुसऱ्याची मदत घेतलेली होती, परत पाठवली नव्हती. आणि तो एपफ्रदीत, दुसऱ्या अध्यायात बघा, त्याच सेवेत आजारी पडून मरायला टेकला होता. पौलानं त्याला अजून जोर लाव, विश्वास धर असं सांगून ठेवून घेतलं नाही, घरी पाठवून दिलं आणि मंडळीला सांगितलं की याचा मान राखा. सेवा करणारा माणूस पण थकतो, आजारी पडतो, हे पवित्र शास्त्राला चांगलं माहीत आहे.

आता कामाचं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबा इथे कातडी लाल होऊन जखमा होतात. जेवताना डोकं आणि पाठ उंच पाहिजे, आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जायची भीती, त्यातनं न्यूमोनिया होतो. हे सगळं रात्रंदिवस दोन नोकरीवाल्या माणसांनी करायचं म्हणजे कुठंतरी सुटणारच, आणि सुटलं की त्रास बाबांना. ब्रदर ठेवा. त्याचा पगार काढताना सुद्धा प्रार्थना करा, ती पण अवलंबून राहण्याचीच प्रार्थना आहे.

बावड्याचे_अप्पा

बाळा, सिस्टरनी बरोबर सांगितलं. मी थोडं वेगळं सांगतो, म्हाताऱ्याचं लांबलं तर सांभाळून घे.

एलीया संदेष्टा, कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला आणि दुसऱ्याच दिवशी ईजबेल राणीच्या धमकीनं पळाला, रानात झुडपाखाली बसून म्हणाला आता पुरे, माझा जीव घे. देवानं त्याला काय केलं? रागावला? प्रवचन दिलं? नाही. झोपू दिलं, देवदूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं आणि म्हणाला खा, वाट तुला झेपायची नाही. त्या खाण्याच्या बळावर तो ४० दिवस होरेब डोंगरापर्यंत चालला. पहिले राजे १९ वाचून बघ. आता सांग, ते बळ देवाचं का भाकरीचं? मला तर दोन्ही एकच दिसतं. नाईट करून आल्यावर बायको म्हणाली तुम्ही झोपा मी बघते, तर ते देवानंच पाठवलंय म्हणून झोपायचं.

दुसरं म्हणजे मान्ना, रानात देव इस्राएल लोकांना खायला द्यायचा तो. रोजचा रोज गोळा करायचा, शब्बाथाच्या म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट, एरवी उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. तू जे अंगात बळ आल्यासारखं वाटत नाही म्हणतोस ना, मला वाटतं तू वर्षभराचं एकदम मागतोयस. आजच्या शिफ्टपुरतं, आत्ताच्या डायपरपुरतं माग. मी तर जिना चढताना पण मागतो आता.

आणि ते वडीलधारे. आपल्या पंचगंगेचं पाणी चढलं की राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका. ३९ ला सामान माडीवर नेणाऱ्याला आपण अविश्वासी म्हणत नाही. तू आत्ता ३९ च्या वर गेलायस बाळा.

पंडिता रमाबाई घ्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातनं मुली आणल्या, केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमात सगळा कारभार प्रार्थनेवर, पण तिथं विहिरीही खणल्या, शेती केली, विणकाम होतं, छापखाना होता. त्या बाईंना कुणी विश्वास कमी म्हणेल काय? लई मोठी माणसं होती ती.

रुथ_गडहिंग्लज

सगळ्यांशी सहमत आहे पण एक बाजू राहतेय म्हणून लिहिते. सगळ्यांकडेच ब्रदर ठेवायला पैसे नसतात, मदतीला भाऊबहीण नसतात. आमच्या आईच्या वेळी मी एकटीच होते. रात्री तिला उचलताना मला खरंच वाटायचं की आता होत नाही, आणि तरी व्हायचं. ते कुठनं आलं मला सांगता येणार नाही पण माझं नव्हतं हे नक्की. त्यामुळे देवाचं सामर्थ्य म्हणजे फक्त झोप, जेवण आणि नियोजन असं कृपया करू नका, कुणी नसतं तिथंही तो असतो.

पण दादा, जाणवण्याबद्दल मात्र सांगते. मला त्या रात्री काहीच जाणवलं नाही. ना आनंद ना बळ, रडूच यायचं. पौलानं पण अंगातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून ३ वेळा विनंती केली आणि काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर आलं. दुर्बळपण तसंच राहिलं आणि त्यातच सामर्थ्य. म्हणून थकवा आला म्हणजे विश्वास गेला असं अजिबात धरू नका. थकलेल्या अवस्थेत तुम्ही बाबांना हळू आवाजात बोलता, त्यांच्यावर खेकसत नाही, तिथं बघा त्याचं काम. पंधरा मिनिटांची प्रार्थना जमत नसेल तर डायपर बदलताना एक ओळ पुरते, प्रभू हे हात तुझे.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला

सिस्टर, अप्पा, रुथताई, खूप खूप आभार. नाईटला ब्रेकमध्ये मिसेसला फोनवर सगळं वाचून दाखवलं, ती रडायलाच लागली. १४ वं वचन मी इतकी वर्षं नीट वाचलंच नव्हतं.

काल पाळकसाहेबांशी बोललो, ते म्हणाले ब्रदर ठेव, आणि तरुण संघातली दोन पोरं रविवारी उपासनेच्या वेळेत बाबांजवळ बसतील म्हणजे आम्हा दोघांना एकत्र जाता येईल. त्या वडीलधाऱ्यांशी पण नीट बोलेन, मनात काही ठेवणार नाही, त्यांनी स्वतः फार सोसलंय.

सिस्टर एक विचारायचं होतं, बाबांच्या टाचेला थोडं लाल दिसतंय. हवेची गादी घ्यावी का?

मिरजेची_सिस्टर

दादा, घ्या. अल्फा बेड म्हणून मागा, मेडिकल इक्विपमेंटच्या दुकानात बघा, भाड्यानं मिळतो का तेही विचारा. पण बेड आला तरी कूस बदलायची सोडू नका. टाचेखाली नको, पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहील. तिथं चोळू नका. बोटानं दाबून बघा, लाली तशीच राहिली किंवा कातडी फुटली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बाबांचं नाव आमच्या बुधवारच्या प्रार्थनेत घेतलंय.